मधली खोली

१

नवापूरला स्टेशनच्या अलीकडे जी नवी कॉलनी झाली आहे, तिथे चोऱ्या दिवसाढवळ्या व्हायच्या. नवराबायको कामावर, पोरं शाळेत, आणि दुपारी सगळ्या ओळीत चिटपाखरू नसायचं. उन्हाळा लागल्यापासून दोन घरं फुटली होती. दुसरं तर रंजिताच्या मागच्याच गल्लीतलं. दागिने गेले त्याबद्दल त्या घरची बाई फारशी बोलायची नाही. चोराने जाताना फ्रिजमधलं दही खाल्लं आणि वाटी धुऊन पालथी घातली, हे सांगताना मात्र तिला रडू फुटायचं.

ते ऐकल्यापासून रंजिताला कामावर चैन पडेना. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. नवरा भाग्येश सुरतेला कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने यायचा, सोमवारी सकाळी परत जायचा. मधले दिवस घरात ती आणि दुसरीत शिकणारी काजल, दोघीच. दुपारी शाळा सुटली की काजल शेजारच्या मंगलाबाईंकडे थांबायची.

बसस्टँडसमोर नवलचं मोबाइलचं दुकान होतं. तो कॅमेरेही बसवून द्यायचा. रंजिता तिथे गेली. दोघंही सारंगखेड्याकडचे निघाले, मग बोलणं आपसूक अहिराणीवर आलं.

"कॅमेरा लाई ल्या ना ताई," नवल म्हणाला.

"कॅमेरा चोर गया मंग दखाडस. माले तो घरमा येताच समजाले पाहिजे. आनि कॅमेराना खर्च माले झेपाव नही."

नवलने काउंटरवर दोन खोकी ठेवली. "मंग हाई दखा. हाऊ वायफायवाला. सस्ता शे, पन लाइट गयी का वायफाय गया, आनि वायफाय गया का हाऊ मुका. हाऊ दुसरा सिमकार्डवाला. याना पोटमा बॅटरी शे. लाइट जाऊ द्या, तुम्हले फोन करसच."

रंजिताने ते पांढरं यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. लॅबमधलं नवीन मशीन पाहावं तसं. घर भाड्याचं आहे, भिंतीला भोक पाडलेलं मालकाला चालणार नाही, हे तिने आधीच सांगून टाकलं.

"वायरच नही, तर भोक काब्र पाडानं? टेपवर चिटकाडी देसूत."

"आनि पाली? आमना घरमा पाली भलत्या शेतस."

"पालनी गरमी कितीशी? त्याले मानूस समजस. मानूस हालना का त्याना लाल दिवा लागस."

तिने आणखी बरंच विचारलं. सेल किती टिकतात, भोंगा कुठवर ऐकू जातो, बिघडलं तर कोण येणार. शेवटी सिमकार्डवालाच घेतला. दोन दारांना दोन चुंबकाच्या पट्ट्या, आतल्या खोलीसाठी एक सेन्सर, एक भोंगा आणि दोन रिमोट. वर्षभराची हमी नवलची. घरी जाताना तिला कित्येक दिवसांनी हलकं वाटलं.

२

घर साधंच, ओळीतलं. पुढची खोली, मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि मागे छोटं अंगण, त्यात कपडे धुवायचा दगडी धोबा. मधल्या खोलीतून गेल्याशिवाय कुठेच जाता येत नसे. म्हणून नवलने सेन्सर तिथेच लावला, छताच्या खाली, कोपऱ्यात.

त्या यंत्रात एक गंमत होती. प्रत्येक जागेचं नाव आपल्या आवाजात भरता यायचं. धोका झाला की यंत्र फोन करणार आणि ते नाव ऐकवणार. हे काम काजलने हौसेने अंगावर घेतलं. यंत्राजवळ तोंड नेऊन तिने बाईंनी धडा वाचायला सांगितल्यासारखं खणखणीत म्हटलं, "पुढचं दार. मागचं दार. मधली खोली."

सगळं नीट चाललं. दार उघडलं की भोंगा ओरडायचा, रिमोट दाबला की गप्प. मंगलाबाई कानावर हात ठेवून बाहेर आल्या. "काय वं माय, कान फुटी गयात मन्हा!" त्या म्हणाल्या. पण खूश झाल्या. एका घरात भोंगा म्हणजे दोन घरांना आधार.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी काजलला शाळेच्या रिक्षात बसवून रंजिता बाहेर पडली. कुलूप लावलं आणि रिमोटचं बटण दाबलं. आतून यंत्राचा टीं-टीं असा नाराजीचा आवाज आला आणि पाठोपाठ काजलचा.

"मधली खोली."

म्हणजे मधल्या खोलीत कोणी हलतंय, ते थांबल्याशिवाय पहारा सुरू होणार नाही. रंजिता कुलूप काढून आत गेली. पंखा बंद होता. खिडकी लावलेली होती. पलंगावरची चादर सरळ होती. ती बाहेर आली, पुन्हा बटण दाबलं.

"मधली खोली."

तिला उशीर होत होता. तशीच ती लॅबला गेली.

मग हे रोजचंच झालं. दोघी घरात असल्या की सेन्सर शहाण्यासारखा वागायचा. जेवायला बसल्या, हात हलला, दिवा लागला. झोपल्या, दिवा विझला. पण घर रिकामं करून बाहेर आलं की आत कोणीतरी आहे, असं तो म्हणायचा. रंजिताने कारणं शोधली. सकाळचं ऊन पाण्याच्या स्टीलच्या टाकीवर पडतं, त्याची धग असेल. उंदीर असेल. तिने खिडकीला जाड पडदा लावला, टाकी अंगणात नेली, पलंगाखाली पिंजरा ठेवला. पिंजऱ्यातली भाकरी वाळून कडक झाली, पण उंदीर काही आला नाही.

नवलने सेन्सर दुकानात नेला. तिथे तो बरोबर चालला. तरी त्याने नवीन आणून बसवला. मग दोघं बाहेर आले, रंजिताने कुलूप लावलं आणि नवल पुढच्या खिडकीच्या गजांना कपाळ टेकवून आत पाहू लागला. पुढच्या खोलीच्या दारातून मधल्या खोलीचा तो कोपरा दिसत होता.

लाल दिवा लागला. विझला. थोड्या वेळाने लागला, विझला. पुन्हा तेवढ्याच वेळाने लागला. खोलीत कोणी भिंतीपासून भिंतीपर्यंत सावकाश येरझारा घालावी, तसा.

"गरम हवा व्हई," नवल म्हणाला.

रंजिताने खिडकीला कान लावला. तिला आतून वेगळंच काही ऐकू येत होतं. ओले तळवे फरशीवरून उचलताना येतो तसला आवाज. चप्. मग बराच वेळ काही नाही. मग चप्.

"चहा घेतस ना, नवलभाऊ?"

"नही ताई, दुकान उघडं शे," असं म्हणत नवल गाडीला किक मारूनही मोकळा झाला.

४

रंजिता भित्री नव्हती. लॅबमध्ये एखादा आकडा भलताच आला की घाबरायचं नाही, नमुना पुन्हा लावायचा, ही तिची सवय. एका दुपारी जेवायच्या सुट्टीत ती घरी आली. काजल मंगलाबाईंकडे होती. तिने पुढचं दार आतून लावलं आणि मधल्या खोलीच्या मधोमध, सेन्सरकडे तोंड करून उभी राहिली.

हात वर केला, दिवा लागला. खाली केला, विझला. मग ती हलायची थांबली. श्वाससुद्धा बेतानेच घेत होती. बाहेर कुठेतरी भंगारवाला ओरडत गेला. स्वयंपाकघरात फ्रिज गुरगुरून शांत झाला. दिवा बंद होता, आणि तिला स्वतःचंच हसू यायला लागलं.

तेवढ्यात दिवा लागला.

ती हललेली नव्हती. पापणीही नाही. दिवा विझला. तिच्या मानेवरचे बारीक केस, घामाने चिकटलेले, थंड पडले. दार उघडून कोणी ओलसर हवेतून आत यावं, तसा गारवा पाठीमागून डावीकडे सरकत गेला. दिवा पुन्हा लागला.

तिने मागे वळून पाहिलं. खोली रिकामी होती. पलंग, कपाट, काजलची स्लिपर. रंजिता एकेक पाऊल टाकत दारापर्यंत गेली, कडी काढली आणि बाहेर उन्हात येऊन उभी राहिली. पाय चटचट भाजत होते. चप्पल आत राहिली होती, पण ती आणायला ती लगेच गेली नाही.

मंगलाबाईंना तिने आडून आडून विचारलं. आधी कोण राहायचं या घरात?

"मास्तर व्हतात. बदली व्हयनी, गयात. त्याना पहिले घर नवंच व्हतं. काब्र वं?"

"काही नही, मावशी. अशीच."

भाग्येशला तिने फोनवर सगळं सांगितलं. "तू एकटी ऱ्हास ना, म्हनीन वाटस," तो म्हणाला. "त्या खोलीनं सेन्सर बंद करी टाक. दारं तर शेतस ना? चोर काय भिंतमाईन येवाव शे?"

ते पटण्यासारखं होतं. नवलने फोनवरच युक्ती सांगितली. तिने मधली खोली पहाऱ्यातून वगळली. त्यानंतर यंत्र मुकाट्याने सुरू व्हायला लागलं. रंजिता मात्र काजलला त्या खोलीत एकटी खेळू देत नसे. दुसरं घर बघायला पाहिजे, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

५

त्या शनिवारी मंगलाबाई नंदुरबारला लग्नाला गेल्या होत्या. शनिवारी शाळा सकाळची. म्हणून रंजिताने पहिल्यांदाच काजलच्या दप्तरात किल्ली आणि दुसरा रिमोट घातला.

"घरी आलीस की आधी रिमोट दाब. मग कुलूप काढ, आत जा, आतून कडी लाव. पुढच्या खोलीतच बस. मी लगेच येते."

"मला येतं गं मम्मी," काजल म्हणाली. तिला त्या किल्लीचा मोठा अभिमान वाटत होता.

लॅबमध्ये शनिवारची गर्दी होती. रंजिता एका म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा बांधत होती, तेव्हा एप्रनच्या खिशातला फोन वाजला. तिने खांदा वर करून तो कानाला दाबला.

"मागचं दार," काजलचा आवाज म्हणाला.

रंजिताच्या हातून सुई ट्रेमध्ये पडली.

"मागचं दार. मागचं दार." शाळेत धडा वाचल्यासारखा तोच खणखणीत, निश्चिंत आवाज. मग खरखर झाली, आणि जी जागा तिने स्वतःच्या हाताने पहाऱ्यातून काढून टाकली होती, तिचं नाव आलं. "मधली खोली."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. काजलची रिक्षा आता कॉलनीत पोचत असेल. पोचलीच असेल.

पोलिसांना फोन करायला सोबतिणीला ओरडून सांगत ती जिन्यावरून खाली आली. स्कूटीला चावी लवकर लागेना. रस्त्यात रेल्वेचं फाटक उघडं मिळालं, एवढंच तिला नंतर आठवलं. सगळ्या वाटेत तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. आत माणूस, आणि बाहेरून हौसेने कुलूप काढणारी काजल.

कॉलनीच्या वळणावर भोंगा ऐकू आला. ती ओळीत शिरली आणि तो बंद पडला. म्हणजे कोणीतरी रिमोट दाबला होता.

६

काजल पुढच्या ओट्यावर बसली होती. दप्तर मांडीवर, रिमोट मुठीत.

रंजिताने स्कूटी तशीच आडवी टाकली आणि तिला उचलून समोरच्या किराणा दुकानापर्यंत नेलं. तिचे हात चाचपले, पाय चाचपले, केस मागे सारून तोंड पाहिलं. काही झालं नव्हतं.

"आत गेली होतीस?"

"नाही ना! दारच उघडत नाही," काजल तक्रारीच्या सुरात म्हणाली. "रिमोट आधी लागेचना, म्हणून मी कुलूप काढलं. ढकललं, तर कोणीतरी आतून परत लोटलं. मी पुन्हा ढकललं, पुन्हा लोटलं."

"जोरात?"

काजलने विचार केला. "नाही. हळूच. मी झोपेत तुझ्या अंगावर येते ना, तेव्हा तू मला बाजूला करतेस, तसं. मग मी म्हटलं जाऊ दे, मम्मी येईल."

भोंग्याच्या आवाजाने चार माणसं जमली होती. दुकानदार आणि दोघं-तिघं काठ्या घेऊन घरामागे धावले. रंजिताने काजलला दुकानदाराच्या बायकोजवळ दिलं आणि तीही त्यांच्यामागे गेली.

मागच्या दाराची कडी तोडलेली होती. दार सताड उघडं. चोराला पळायला सगळं अंगण मोकळं होतं. पण तो पळाला नव्हता. मधल्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन तो बसला होता. चांगला दांडगा माणूस, चाळिशीचा. लोखंडी पहार शेजारी पडली होती. कपाट उघडायला त्याने हातसुद्धा लावलेला नव्हता. माणसं दिसताच त्याने दोन्ही हात जोडले.

"बाहर ले लो मेरे को," तो म्हणाला. "भाई, उसको बोलो हटने को."

"किसको?" दुकानदाराने विचारलं.

चोराने मागच्या दाराकडे बोट केलं, पण त्या दिशेला पाहिलं नाही. दारात कोणीही नव्हतं. त्याच दारातून तर सगळे आत आले होते.

पोलिस आले तेव्हा तो लहान पोरासारखा मुकाट्याने त्यांच्याबरोबर गेला. मात्र मागच्या दाराने जायला तयार होईना. पुढच्या दाराने न्यावं लागलं. तेव्हा ते दार एका बोटाने उघडलं. हवालदार पहार हातात तोलत म्हणाला, "हे डोक्यात बसलं असतं तर? बाई, पोरगी आत गेली नाही, नशीब समजा." रंजिताने मान हलवली.

गर्दी पांगली. किराणा दुकानाकडे निघताना ती पुढच्या खिडकीपाशी थांबली. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. आत कोणी नव्हतं. पुढची खोली, तिच्यापुढे मधली, तिच्यापुढे स्वयंपाकघर आणि शेवटी उघडं मागचं दार, सगळं एका रेषेत दिसत होतं. अंगणातलं ऊन डोळ्यांवर येत होतं.

मागचं दार हळूहळू लागू लागलं. वाऱ्याने लागतं तसं झोकात नाही. कडी तुटलेलं, बिजागरीतून कललेलं दार जरासं उचलून, सांभाळून लावावं लागतं, तसं. दाराच्या कडेला आतून चार बोटं होती. ओली, आणि फार वेळ धुणं धुतल्यावर होतात तशी पांढुरकी, सुरकुतलेली. दार लागलं, ऊन गेलं, आणि मग काही दिसलं नाही.

रंजिता किंचाळली नाही. तिला त्या वेळी जे वाटलं, ते तिने पुढे फक्त भाग्येशला सांगितलं, आणि तेही एकदाच. ती म्हणाली, मला भीती वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं.

७

संध्याकाळी भाग्येश आला. स्टेशनवरून तो धावतच आला होता. शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने काजलला कडेवर घेतलं ते कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही. मंगलाबाई लग्नाहून परतल्या आणि रंजिताच्या गळ्यात पडून रडल्या. आपण आजच गेलो, याचं त्यांना फार लागलं. मग त्यांनीच खिचडी टाकली. काजलने दोनदा मागून घेतली, वर लग्नातला लाडूही खाल्ला. तिला आज घरी पोलिस येऊन गेले याचंच अप्रूप होतं. सोमवारी वर्गात काय काय सांगायचं, याची ती तयारी करत होती. तिची बडबड ऐकता ऐकता रंजिताला हसू आलं, आणि हसतानाच रडूही आलं. तिने दोन्ही येऊ दिलं.

"हाई घर सोडी देऊत," भाग्येश म्हणाला. "उद्याच मालकले सांगी देस."

मालकाचाच फोन आला. तो बिचारा ओशाळला होता. दार नवीन बसवून देतो म्हणाला, आणि तुम्हाला जायचं असेल तर मी अडवणार नाही, असंही म्हणाला. भाग्येशने फोन रंजिताकडे दिला. किती दिवस जे म्हणायचं ती ठरवत होती, ते म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि आपलाच आवाज तिला ऐकू आला.

"नाही. आम्ही राहतो."

भाग्येश तिच्याकडे पाहतच राहिला. काजलला कोणीतरी बाहेरच थांबवलं होतं, एवढंच तिने त्याला सांगितलं. त्यानेही मग फार ताणलं नाही.

रविवारी सुतार येऊन दार बसवून गेला. भाग्येश बाजारात गेला होता. काजल जेवून मधल्या खोलीत पलंगावर झोपली होती. रंजिता अंगणात धोब्यावर कपडे धूत होती. शेवटची चादर पिळून ती दोरीवर टाकत होती, तेव्हा आतून काजलचा आवाज आला.

"हं," काजल झोपेत म्हणाली. जरा थांबून पुन्हा, "हं." गोष्ट ऐकताना पोरं देतात तसा हुंकार. मध्ये सांगणाऱ्याला पुरेल एवढी जागा, आणि मग परत, "हं."

रंजिताचे हात दोरीवर थांबले. घरात दुसरं कोणी नव्हतं. तिने कान दिला. काजल झोपेतच खुदकन हसली, आणि मग तिचा लांब, सुखाचा श्वास ऐकू आला.

बादलीत अजून काजलचे शाळेचे कपडे होते. रंजिताने ते एकेक झटकून वाळत घातले, चिमटे लावले, धोब्यावर पाणी ओतलं. मग पदराला हात पुसत ती सावकाश आत गेली आणि लेकीच्या शेजारी, मध्ये आणखी एकाला पुरेल एवढी जागा सोडून, आडवी झाली. थोड्याच वेळात तिचाही डोळा लागला.